फळांच्या खोक्यांचा धंदा

फळांची पेटी घरात आली म्हणजे मंडळींचे लक्ष फळांकडे जाते, पेटीकडे जात नाही. आंबे पेंढ्यातून बाहेर निघतात, द्राक्षांचे घड ताटात मांडले जातात, आणि पेटी मोरीच्या कोपऱ्यात नाहीतर माळ्यावर जाऊन पडते. मुंबईच्या चाळींतून आंब्याच्या रिकाम्या पेटीचे कोळसे ठेवण्याचे खोके, मुलांच्या पुस्तकांचे कपाट आणि प्रसंगी बसावयाचे आसन झालेले पुष्कळांनी पाहिले असेल. परंतु ही पेटी कोणी केली, कोणत्या लाकडाची केली आणि तिची किंमत कोणाच्या पदरची गेली, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वास्तविक फळबागाइताच्या संसारात झाडाच्या खालोखाल महत्त्वाची वस्तू ही पेटीच होय. फळ पिकविणे ही अर्धी कामगिरी झाली. ते न चेंगरता, न कुजता गिऱ्हाइकाच्या हाती पडणे ही उरलेली अर्धी, आणि ती पेटीने करावयाची असते.

नाशिकच्या दक्षिणेस, दारणा नदीच्या अंगाला देवळाली कॅम्प हे लष्करी ठाणे आहे. इंग्रजी सैन्याचा तळ येथे १८६१ साली पडला. विलायतेहून आलेल्या पलटणी येथे उतरत आणि मुदत संपलेले शिपाई परतीच्या बोटीची वाट पाहत येथेच महिनेच्या महिने पडून राहत. त्या कंटाळवाण्या मुक्कामात कित्येकांचे डोके फिरे, म्हणून भ्रमिष्ट माणसाला 'डुलाली' म्हणण्याचा प्रघात इंग्रजी भाषेत पडला, तो अद्याप आहे. शिपायाला वाट पाहावयास लावता येते. फळाला लावता येत नाही. छावणीच्या लगतच देवळालीचे रेल्वे स्टेशन आहे. थळ घाटातील लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला आणि घाटमाथ्यावरचा हा मुलूख आगगाडीने थेट मुंबईशी जोडला गेला. सुमारे १८० किलोमीटरचे अंतर एका रात्रीचे झाले. संध्याकाळी खुडलेला माल दुसऱ्या दिवशी मुंबईच्या बाजारात दिसू लागला, आणि फळे कशात घालून पाठवावयाची हा प्रश्न नाशिककडच्या मळेवाल्यापुढे प्रथमच खऱ्या अर्थाने उभा राहिला. बैलगाडीतून गावच्या बाजाराला माल न्यावयाचा तर साधी पाटी पुरते. आगगाडीच्या डब्यात मात्र एकावर एक थर लागतात, माल अनोळखी हमालांच्या हातून चढतो आणि उतरतो, आणि वाटेत त्याची विचारपूस करणारे कोणी नसते.

आरंभी हे काम बुरुडाने केले. बांबूच्या कांबीची करंडी, तिला आतून पाला नाहीतर जुने कागद, वर तसलेच झाकण आणि सुतळीचे टाके, असा तो सरंजाम असे. करंडी हलकी, तिच्यातून वारा खेळतो, आणि तिच्यात आणखी एक मोठा गुण आहे. ती तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळती असते. त्यामुळे रिकाम्या करंड्या एकीत एक बसतात. डझन दोन डझन करंड्यांची उतरंड एक माणूस डोक्यावर घेऊन चालू शकतो. म्हणून बुरूड मळ्यापासून दूर आपल्या गावी बसून करंड्या विणू शके आणि हंगामाला आणून देऊ शके. हा गुण वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु फळांच्या खोक्यांच्या धंद्याचा सारा इतिहास ह्या एका प्रश्नाभोवती फिरला आहे, की भरलेले खोके बाजाराला कसे जाते हा नव्हे, तर रिकामे खोके मळ्यापर्यंत कसे येते.

करंडीचा दोष तिच्या आकारातच होता. तिला कोपरे नाहीत. एकावर एक ठेवली की वरच्या करंडीचे ओझे खालच्या करंडीच्या भिंतीवर पडत नाही, ते झाकणावर आणि झाकणावरून फळांवर पडते. पेरू, सीताफळ अशा फळांचे एक वेळ निभते; द्राक्षाचे निभत नाही. नाशिक भागात द्राक्षाची लागवड व्यापारी प्रमाणावर रुजविण्याचे श्रेय ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांच्याकडे जाते. तो काळ १९२५ च्या सुमाराचा. त्या वेळी भोकरी, पंढरी साहेबी, हबशी, फकडी ह्या जाती लावीत. एका घडातला एक मणी फुटला की त्याचा रस शेजारच्या मण्यांवर ओघळतो, त्यावर बुरशी धरते, आणि दोन दिवसांत सबंध करंडी दलालाच्या उकिरड्यावर जाते. मळेवाल्याला मग मुंबईहून मालाऐवजी हिशेबाची 'पट्टी' मिळे, आणि तीत विक्रीच्या रकमेतून हमाली, तोलाई, भाडे आणि दलाली वजा होऊन खाली जो आकडा उरे तो पाहून दुसऱ्या वर्षी द्राक्ष लावावे की नाही याचा विचार त्याला करावा लागे.

लाकडी पेटीने हा दोष दूर केला. तिचे मर्म तिच्या फळ्यांत नसून कोपऱ्यांत आहे. दोन्ही टोकांच्या फळ्या जाड असतात, बाजूच्या आणि बुडाच्या पट्ट्या पातळ. वरच्या पेटीचे ओझे खालच्या पेटीच्या जाड टोकांवर आणि कोपऱ्यांवर उतरते, आणि आतल्या फळाला त्याची वार्ताही लागत नाही. पट्ट्यांच्या मधून बोटभर फट ठेवावयाची ती शोभेसाठी नव्हे. फळ झाडावरून उतरले तरी जिवंतच असते. ते श्वास घेते, उष्णता टाकते आणि पाण्याचा अंश सोडते. ती ऊब आणि ती ओल बाहेर पडली नाही तर फळ स्वतःच्याच वाफेत उकडते. उलट फट फार मोठी ठेवली तर फळ पट्टीच्या धारेवर येऊन कापते. ही फट किती असावी हे पुस्तकात पाहून कोणी शिकले नाही. बाजारातून आलेल्या तक्रारींनी ते शिकविले.

लाकूडही वाटेल ते चालत नाही. साग, शिसव यांची पेटी करणे म्हणजे रेशमाचे पोते शिवण्यासारखे आहे. पेटी एकदाच जावयाची, म्हणून लाकूड स्वस्त हवे. रेल्वे वजनावर भाडे घेते, म्हणून ते हलके हवे. खिळा ठोकताना चिरता कामा नये, म्हणून मऊ हवे. आणि फळाला वास लागू नये म्हणून त्यात राळ किंवा उग्र गंध नको. सावर, साळई, आंबा हे वृक्ष या कामी उपयोगी पडले. ज्यांना इमारतीच्या कामात कोणी विचारीत नाही अशांचे येथे चीज झाले. पुढे निलगिरी आणि सिल्व्हर ओक यांचीही त्यांत भर पडली. कोकणात हापूस आंब्याच्या पेटीची परंपरा फार जोमाने वाढली. तेथे भाताचा पेंढा घरोघर असल्यामुळे आंब्याला अंथरूणपांघरूण फुकटच मिळे, आणि तोच पेंढा वाटेत आढीचे काम करी. बागाइतदार आपल्या पेटीवर रंगाने मार्का घाली. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात, जी इमारत १८६९ साली पुरी झाली आणि जिला पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळाले तेथे, व्यापारी रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. आणि तो भाव पुष्कळदा पेटी न उघडता, वरच्या मार्क्याच्या भरवशावर ठरे. म्हणजे पेटी ही केवळ बारदान राहिली नाही, ती बागाइतदाराची पत झाली.

आता लाकडी पेटीचा तोच जुना प्रश्न पाहिला पाहिजे. ठोकून तयार झालेल्या पेट्या करंडीप्रमाणे एकीत एक बसत नाहीत. रिकाम्या पेट्यांनी भरलेली मालमोटार म्हणजे बव्हंशी हवेची वाहतूक होय; भाडे मात्र पुऱ्या मोटारीचे पडते. म्हणून पेट्यांचा कारखाना मोठ्या शहरात निघून त्याने सबंध प्रांताला माल पुरवावा असे या धंद्यात घडू शकले नाही. तो मळ्याच्या जवळच असावा लागे. लाकडाच्या वखारीला लागून एक पत्र्याची छपरी, तीत एक गोल करवत, चार सुतार, आणि हंगामात ठोकाईसाठी नगावर मजुरी घेणारी माणसे, एवढ्या भांडवलावर असा धंदा चाले. जिथे आगगाडीचे स्टेशन, लाकडाची वखार आणि फळांचे मळे दोन-चार कोसांच्या आत असतील तिथे तो हटकून उगवे. नाशिक रोड, देवळाली ही अशीच ठिकाणे. दूरच्या मळ्याला माल द्यावयाचा असेल तर कापलेल्या फळ्यांचे जुडगे बांधून पाठवीत आणि पेट्या बांधावर ठोकीत. त्यासाठी सुतार हातोडा आणि चुकांची पिशवी घेऊन मळ्यावरच मुक्कामाला जाई.

बाहेरून पाहणाऱ्याला हा धंदा निर्धोक वाटेल, कारण फळे तर दरवर्षी येणारच. तसे मात्र नाही. लाकूड आधी घेऊन वाळवावे लागते. ओल्या लाकडाची पेटी ठोकली तर फळी वाकते, चुका गंजतात आणि आत बुरशी येते. म्हणजे द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल धरला तर पेटीवाल्याचे पैसे निदान दिवाळीपूर्वी लाकडात गुंतलेले असतात. मळेवाला पेट्या उधारीवर नेतो, कारण त्याच्या हाती पैसा दलालाची पट्टी आल्यावर पडावयाचा. दलाल आपल्या सवडीने पट्टी करतो. अशा रीतीने मुंबईच्या दलालाच्या सवडीवर देवळालीकडच्या सुताराची चूल अवलंबून असे. मध्येच गारपीट झाली की मळेवाल्याचे पीक जाते हे सर्वांना दिसते, वर्तमानपत्रांत येते, सरकारी पंचनामा होतो. दुष्काळांच्या नोंदी जशा ठेवल्या गेल्या तशा गारपिटीच्याही आता ठेवल्या जातात, आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात महाराष्ट्रभर झालेली गारपीट त्यांत ठळक आहे. परंतु ज्या पेट्यांत ते पीक भरावयाचे होते त्या पेट्या ज्याच्या छपरीत रचून पडल्या, त्याचा पंचनामा होत नाही. पुढच्या हंगामापर्यंत त्या ठेवाव्या तर वाळवी लागते, विकाव्या तर जळणाच्या भावाने जातात.

फळे दूर देशी पाठविण्याचे प्रयत्न जसजसे होऊ लागले तसतशी पेटीची परीक्षा कठीण होत गेली. मुंबई सरकारच्या शेतकी खात्यातील फलोद्यानतज्ज्ञ जी. एस. चीमा यांनी १९३२ आणि १९३३ साली हापूस आंबे विलायतेस पाठविण्याचे प्रयोग केले. 'चीमा साहेबी' ही द्राक्षाची जात त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मुंबईच्या बाजारापर्यंत एका रात्रीचा प्रवास सोसणारी पेटी निराळी आणि बोटीच्या थंड कोठीत आठवडेच्या आठवडे राहणारी निराळी, हे उघडच आहे. तेथे बाहेरची थंड हवा आतल्या फळापर्यंत सारखी पोचली पाहिजे, आणि शंभर पेट्या शंभर मापांच्या असून भागत नाही. सुताराच्या हाताने ठोकलेल्या दोन पेट्या तंतोतंत सारख्या क्वचितच उतरतात.

याच सुमारास साता समुद्रांपलीकडे लाकडी पेटीचा एक प्रतिस्पर्धी बळावत होता. पन्हळी कागदाचा जन्म मोठा गमतीचा आहे. १८५६ साली इंग्लंडात दोघा गृहस्थांनी त्याचे पेटंट घेतले ते उंच टोपीच्या आतील अस्तरासाठी; डोक्याला घाम येऊ नये हा त्याचा हेतू! १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट जोन्स याने तो काचेच्या बाटल्यांभोवती गुंडाळण्याची युक्ती काढली, आणि १८७४ साली ऑलिव्हर लाँग याने त्या पन्हळीला सपाट कागदाचे अस्तर जोडले. पुठ्ठ्याचे खोके त्यातून निघाले. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या या खोक्यांवर लाकडी पेटीपेक्षा जास्त भाडे आकारीत. कॅलिफोर्नियातील प्रिडॅम नावाच्या पेढीने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९१४ साली निकाल असा लागला की, दोहोंत असा भेदभाव करता येणार नाही. त्या निकालाने लाकडी पेटीचे आयुष्य मोजले गेले असे म्हणण्यास हरकत नाही. तरी ते पुष्कळ वर्षे पुरले. कॅलिफोर्नियाची संत्री रंगीबेरंगी चित्रे डकविलेल्या लाकडी पेट्यांतून १९५० च्या पुढेपर्यंत जात होती.

पुठ्ठ्याचे खोके जिंकले ते मजबुतीने नव्हे. चांगली ठोकलेली लाकडी पेटी कोणत्याही पुठ्ठ्याहून दणकट असते. पुठ्ठ्याचे खोके जिंकले ते घडीने. ते कारखान्यातून सपाट निघते, सपाट गठ्ठ्यात बांधले जाते आणि मळ्यावर पोचल्यावर उभे राहते. जी मालमोटार ठोकलेल्या पेट्या शेकड्यांनी नेते तीच घडीची खोकी हजारांनी नेते. बुरुडाच्या करंडीत जो गुण होता तो शंभर वर्षांनी असा निराळ्या वेषात परत आला. आणि रिकाम्या खोक्याचा प्रवास स्वस्त झाल्याबरोबर कारखाना मळ्याजवळ असण्याचे कारण उरले नाही. नाशिकमध्ये सातपूर, अंबड अशा औद्योगिक वसाहतींतून पुठ्ठ्याची खोकी होऊ लागली. कागद गिरणीतून येई, यंत्र त्याची पन्हळ पाडी, दुसरे यंत्र कापी आणि छापी. छपरीतल्या गोल करवतीला या कामात जागा नव्हती.

दुसरा घाव जंगलाकडून आला, आणि तो अन्याय्य होता असे म्हणता येणार नाही. एकदाच वापरून टाकावयाच्या वस्तूसाठी दरवर्षी झाडे तोडावयाची हा हिशेब फार काळ चालण्यासारखा नव्हता. हिमाचल प्रदेशात सफरचंदांच्या बागा वाढल्या तशी त्यांच्या पेट्यांसाठी देवभूमीतील सूचिपर्णी वृक्षांची तोड वाढली. एका बाजूने डोंगरावर फळझाडे लावावयाची आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्या फळांसाठी शेजारचे वन तोडावयाचे, असा तो प्रकार झाला होता. तेथील सरकारला शेवटी पुठ्ठ्याच्या खोक्यांकडे वळावे लागले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन यांच्या खटल्यात जो हुकूम दिला त्याने देशभरच्या वनांतील तोडीवर आणि वनांत चालणाऱ्या लाकूड कापण्याच्या गिरण्यांवर कडक बंधने आली. महाराष्ट्रातल्या पेटीवाल्याला शेतांच्या बांधावरील झाडांचा आधार राहिला खरा; तथापि लाकूड महाग झाले आणि परवान्यांची यातायात वाढली. योगायोग असा की, मुंबईचा घाऊक फळबाजारही त्याच १९९६ साली क्रॉफर्ड मार्केटातून वाशीस गेला, आणि जुन्या व्यवहाराच्या पुष्कळशा सवयी त्या स्थलांतरात सुटल्या.

द्राक्षाच्या बाबतीत निर्णायक गोष्ट घडली ती परदेशी व्यापाराने. बिनबियांच्या थॉमसन जातीने भोकरी आणि साहेबीला मागे टाकले होते. बागाइतदारांचा संघ पुण्यास १९६० सालीच स्थापन झाला होता; १९९१ साली त्यांच्या सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स' ही निर्यातीची संस्था काढली. युरोपच्या व्यापाऱ्याची पहिली अट मालाबद्दल असते, पण दुसरी खोक्याबद्दल. पाच किलोच्या आसपासचे खोके, सर्व खोकी एका मापाची, आत पातळ प्लॅस्टिकचे अस्तर, आणि घडांवर एक औषधी कागद. ह्या कागदात गंधकाचे एक क्षारयुक्त द्रव्य असते. आतल्या ओलाव्याने त्यातून थोडाथोडा गंधकाचा धूर सुटत राहतो आणि बुरशीला जवळ येऊ देत नाही. खुडलेली द्राक्षे काही तासांत गार करून पुढे शून्य ते एक अंशाच्या थंडीत ठेवतात, आणि न्हावाशेव्याहून निघालेले हे खोके रॉटरडॅमला उघडते तेव्हा देठ हिरवा असावा अशी अपेक्षा असते. २००६ साली अपेडा या सरकारी संस्थेने 'ग्रेपनेट' ही नोंदणीची व्यवस्था सुरू केली. त्यामुळे खोक्यावरील चिठ्ठीवरून ते कोणत्या मळ्यातले हे परदेशातही कळू शकते. कोकणातल्या पेटीवरचा रंगाचा मार्का तो हाच, फक्त आता तो माणसाऐवजी यंत्र वाचते.

पुठ्ठ्याच्या खोक्याला एक वैरी आहे, आणि तो म्हणजे ओलावा. त्याची सारी ताकद उभ्या पन्हळीत असते. हवेत दमटपणा फार वाढला की कागद नरम पडतो आणि खोक्याचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. आणि द्राक्षासाठी लागणारी थंड कोठी तर मुद्दाम दमट ठेवावी लागते, नाहीतर घड सुकतात. म्हणून तीन पदरी कागदाऐवजी पाच पदरी, प्रसंगी सात पदरी कागद घ्यावा लागतो. वारा खेळण्यासाठी भोके पाडावी तर तेवढा कागद कमी होतो आणि बळ घटते. ती भोके कोपऱ्यांपासून दूर पाडतात, कारण येथेही ओझे पेलण्याचे काम कोपरेच करतात. सुताराने जे जाड टोकांच्या फळ्यांनी साधले तेच कारखानदाराला कागदात साधावे लागले आहे.

या दोहोंच्या मध्ये तिसरा आला तो प्लॅस्टिकचा. इंग्रजी 'क्रेट' शब्दाचे मळेकऱ्यांनी 'कॅरेट' केले आहे, आणि सोन्याच्या कसाशी त्याचा घोटाळा करण्याचे कारण नाही. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा भाव वीस किलोच्या कॅरेटवर बोलला जातो. म्हणजे खोके हेच माप झाले. कॅरेट धुता येते, वाळवी लागत नाही, वर्षानुवर्षे टिकते. लाकडाच्या आणि पुठ्ठ्याच्या खोक्याची किंमत मळेवाला प्रत्येक खेपेला देतो आणि ते गिऱ्हाइकाच्या घरी फुकट जाते. कॅरेटची किंमत एकदाच पडते. परंतु त्याचे सारे गणित ते परत येण्यावर आहे. सकाळी बाजारात रिकामे होऊन दुपारी त्याच गाडीतून घरी येणारे कॅरेट अत्यंत किफायतीचे. दूरच्या शहरी गेलेले कॅरेट मात्र रिकामे परत आणावयाचे म्हणजे पुन्हा तीच हवेची वाहतूक आली, आणि तिचे भाडे कोण भरणार यावर मळेवाला आणि व्यापारी यांची तक्रार होते.

देवळालीच्या स्टेशनाचे नाव याच संबंधात एकदा सर्व देशाने ऐकले. १९२५ सालच्या करंड्यांचा काळ कोठल्या कोठे मागे पडला होता. ७ ऑगस्ट २०२० रोजी, साथीच्या दिवसांत, देशातील पहिली 'किसान रेल' देवळालीहून बिहारातील दानापूरला निघाली. १,५१९ किलोमीटरचे अंतर सुमारे ३२ तासांत तोडावयाचे होते. नाशिक रोड, मनमाड, जळगाव, भुसावळ अशी स्टेशने घेत फळे आणि भाजीपाला घेऊन ती गेली. त्याच वर्षी पुढे अशा गाड्यांच्या भाड्यात निम्मी सवलतही देण्यात आली. गाडी वेगाने गेली, भाडे उतरले, हे खरे. पण वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर माल चढतो आणि उतरतो तो शेवटी माणसांच्याच हातांनी. जे खोके हमालाच्या हाताला धरावयास सोयीचे नाही ते आपटते, आणि आपटलेल्या खोक्यातले फळ दुसऱ्या दिवशी काळे पडते. दीड हजार किलोमीटरवर पाठविलेले खोके परत मागविण्यात अर्थ नसतो. तेथे स्वस्त, हलके, एकदाच जाणारे खोके लागते. म्हणजे फिरून फिरून तोच प्रश्न, जो पहिल्या करंडीच्या वेळी होता.

मग छपरीतल्या त्या लहान कारखानदाराचे काय झाले? लाकडी पेटी पुरती गेलेली नाही. आंब्याच्या हंगामात ती अजून दिसते. कित्येकांनी कागदाचे ताव आणून खोकी शिवण्याचे आणि चिकटविण्याचे काम धरले. ज्यांच्यापाशी करवत आणि वखार होती त्यांना एक नवेच काम मिळाले, आणि ते त्यांच्या प्रतिस्पर्ध्यानेच मिळवून दिले. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर सुटी जात नाहीत. ती लाकडाच्या एका मजबूत चौकटीवर, ज्याला 'पॅलेट' म्हणतात तिच्यावर, रचून बांधावी लागतात. कागदाच्या पायाखाली अखेर लाकूडच आले. मात्र लाकडातून किडे आणि त्यांची अंडी परदेशी जाऊ नयेत म्हणून २००२ साली एक आंतरराष्ट्रीय नियम ठरला. त्याप्रमाणे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता सलग ३० मिनिटे पोचली पाहिजे, आणि तसे झाल्याची गव्हाच्या ओंबीची खूण असलेला शिक्का त्या लाकडावर मारला पाहिजे. त्यासाठी बंद भट्टी हवी, उष्णता मोजण्याची यंत्रे हवीत, सरकारी नोंदणी हवी. ज्याच्याजवळ एवढे भांडवल उभे राहिले त्याची करवत आजही चालते. बाकीच्यांपैकी कोणी घराच्या दारेखिडक्यांच्या कामाकडे वळले, कोणी वखार विकली. त्यांच्याकडे नगावर ठोकाई करणारी माणसे आता हंगामात द्राक्षे खुडण्याच्या आणि खोक्यांत भरण्याच्या कामावर दिसतात. भरण्याचे हे काम बहुतेक स्त्रिया करतात. कात्रीने खराब मणी काढून, घडाला हात न लावता केवळ देठाला धरून तो खोक्यात बसवावा लागतो, आणि त्या एका खोक्याला किती घड कसे बसतील याचा अंदाज त्यांना तराजूकडे पाहण्यापूर्वीच आलेला असतो.